एफी मावशीच्या कोठीतले कुत्र्याचे खाणे

नोव्हेंबर संपत आला तेव्हा एफी अ‍ॅन्स्टी पिठाची पोती पुढे ओढायला कोठीच्या खोलीत गेली, आणि त्यांच्यामागे तिला कुत्र्याच्या खाण्याचे पोते दिसले. चांगले मोठे, न फोडलेले, वर जीभ बाहेर काढलेल्या कुत्र्याचे चित्र. एफीकडे कुत्रा नव्हता. नवरा सेल्बी वारला त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा शेवटचा कुत्रा मेला होता, आणि त्यालाही त्यांनी कधी पोत्यातले खाणे घातले नव्हते. तो माशांची डोकी खाऊन म्हातारा झाला.

ती बटाट्यांच्या खोक्यावर बसली. हे आपण कधी आणले ते आठवून पाहिले. आठवेना. मग का आणले असेल याचा विचार केला. तेही सुचेना.

दुसऱ्या कोणी ते ठेवले असेल, ही शंका तिला आली होती. कटलर्स टिकल या त्यांच्या किनाऱ्यावरच्या छोट्या गावात दाराला कोणी कुलूप लावत नाही आणि दार कोणी वाजवत नाही. दार वाजले तर पोलीस आला असे समजायचे, नाहीतर मते मागणारा. शेजारी सरळ आत येतात, चुलीजवळच्या दिवाणावर टेकतात, चहा झाला की उठून जातात. पडवीत काहीतरी ठेवून जाणे तर रोजचेच. मोरीत साफ केलेला कॉड मासा दिसला तर तो कोणी ठेवला असे कोणी विचारत नाही, आणि ठेवणारा सांगत नाही. देऊन बोलून दाखवणे तिथे हलके समजतात. पण मासा देतात, सशांची जोडी देतात, जॅमची बरणी देतात. कुत्रा नसलेल्या बाईला कुत्र्याचे खाणे कोण देईल? तेव्हा ती शंका एफीने तिथेच सोडली. उरली ती दुसरी: आपणच आणले आणि विसरलो.

ती दुसरी तिच्या ओळखीची होती. तिच्या आईने शेवटच्या वर्षांत एकाच माशाला तीन-तीनदा मीठ लावले होते आणि कोणी हटकले की शिव्या दिल्या होत्या. एफीने ते सगळे निस्तरले होते. म्हणूनच मे महिन्यात चुलीवरची किटली कोरडी पडून जळाली आणि मुलगी डॅफ्नी सेंट जॉन्स शहराहून धावत आली, तेव्हा बोलणे लवकर आटोपले.

"आई, मी तुला ओढून नेणार नाही," डॅफ्नी म्हणाली. "पण आता पुरे, हे कोणी सांगायचं?"

"मी सांगीन."

"तू सांगशील?"

"माझ्या आईनं नाही सांगितलं. मी सांगीन. पहिली खूण दिसली की फोन करीन, आणि तू म्हणशील तिथं येईन. तोवर मला छळायचं नाही."

डॅफ्नीने मान्य केले. सेंट जॉन्समध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या इमारतीत एक छोटी जागा तिने आधीच पाहून ठेवली होती. एकोणऐंशी वर्षांच्या एफीने आयुष्यात दिलेला शब्द कधी मोडला नव्हता. त्यात तिला फार काही वाटत नसे. शब्द मोडला की नंतर फार बोलावे लागते, आणि बोलण्याचा तिला कंटाळा होता.

तिचे आयुष्य एका दमात सांगता येईल इतके सरळ होते. खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर जन्म, अलीकडे लग्न, मासळीच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर नोकरी, कारखाना बंद पडेपर्यंत. एक मुलगी. नवरा होडीवर. जे तिने मन लावून केले ते म्हणजे हिवाळ्याची भरणी. वीज जाणार का, असा प्रश्न तिथे पडत नाही. कधी जाणार आणि किती दिवस, एवढाच पडतो. विजेची एकच तार रानातून येते, आणि गोठत्या पावसाने फांद्या जड झाल्या की झाडे तिच्यावर आडवी होतात. म्हणून सप्टेंबरपासून एफीची कोठी भरू लागे. पीठ, यीस्ट, डब्यातले दूध, चहा, बादलीत मिठातले बीफ, खारा मासा, दगडासारखा कडक पाव, जो आदल्या रात्री भिजत घालायचा. मूस हरणाचे मांस बरण्यांत शिजवून बंद केलेले, कारण वीज गेली की फ्रीझरचा काय भरवसा. टेकडीच्या पोटातल्या तळघरात सलगम, गाजरे, कोबी. कंदील, तेल, वाती. पडवीत छतापर्यंत रचलेले बर्चचे सरपण.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी तिची लोखंडी चूल. गावातल्या बाकीच्या चुली एकेक करत गेल्या होत्या. जुन्या चुलीच्या घराला विमा मिळेना, सरकार घर विजेवर तापवणाऱ्या हीट पंपाला पैसे देऊ लागले, लोकांनी धुराड्यांची भोके बुजवली, शेवटचे यंदाच्या उन्हाळ्यात. एफीने घराचा विमा कधी काढलाच नव्हता, त्यामुळे तिची चूल काढायला सांगणारे कोणी नव्हते.

पोते सापडल्यावर तिने लगेच फोन केला नाही. एका पोत्यावर घर सोडायचे म्हणजे अति झाले, असे तिने स्वतःला समजावले. तिने स्वतःची परीक्षा घेतली. बंदरातल्या जुन्या होड्यांची नावे क्रमाने म्हटली, सगळी आली. कणीक मळली, पाव नेहमीसारखा फुगला. मग झोपायच्या खोलीतल्या कपाटावरून रजई काढायला गेली तर रजईमागे लहान बाळाच्या डायपरचे दोन गठ्ठे.

तिने ते खाली काढले, हातात धरून पाहिले, परत वर ठेवले.

दोन दिवसांनी तळघरात बटाट्यांच्या पोत्याखाली बिअरचे खोके निघाले. एफीने जन्मात बिअर प्यायली नव्हती. सेल्बी प्यायचा, पण तो जाऊन अकरा वर्षे झाली होती. आपण सेल्बीसाठी बिअर आणली का? आणि डायपर कोणासाठी, डॅफ्नीसाठी? ती छपन्न वर्षांची आहे. एफी तळघराच्या दारात उभी राहून हिशेब लावत राहिली, आणि प्रत्येक उत्तर प्रश्नापेक्षा वाईट निघाले. शेजाऱ्यांना विचारावे तर विचारणार काय? माझ्या घरात हे कुठून आले, असे विचारणाऱ्या बाईबद्दल लोक काय समजतात, ते तिने स्वतःच्या आईच्या वेळी ऐकले होते.

दुकानात गेली तेव्हा तिने आडून चाचपले. दुकानदारीण बाईला म्हणाली, "कुत्र्याच्या खाण्याचं पोतं हल्ली केवढ्याला पडतं गं?"

"का, कुत्रा घेतेस की काय?"

"सहज विचारलं. मी नेलंय का यंदा एखादं?"

दुकानदारीण हसली. "मावशी, तू यंदा इतकं काय काय नेलंस की एखादा कुत्राही नेला असशील."

रांगेतले लोक हसले. एफीही हसली आणि यीस्ट घेऊन घरी आली. तिला कळायचे ते काहीच कळले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गार्लंड पेली आत आला. पन्नाशीचा, एकटा, टार नावाच्या काळ्या कुत्र्याबरोबर राहणारा. टारला त्याने बाहेर बांधले होते. दिवाणावर बसून त्याने बराच वेळ टोपी फिरवली.

"मावशी, कुठला कुत्रा घेतेयस?"

एफीने किटली खाली ठेवली. "कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतायत. नाही, घे ना. तुझं घर आहे. फक्त नर घेऊ नकोस. टारचं दुसऱ्या नराशी जमत नाही."

"तुझ्या टारचं आणि माझ्या कुत्र्याचं काय देणंघेणं?"

गार्लंड गोंधळला. चुलीकडे पाहिले, मग तिच्याकडे. "तेच म्हणतोय. एका खोलीत म्हटल्यावर..."

"कसली खोली?"

"जाऊ दे, बघू तेव्हा," असे म्हणून तो उठला. जाताना त्याने सरपणाच्या थप्पीवर हात ठेवून ती हलते का पाहिले, मान डोलावली आणि निघून गेला.

एफी बसून राहिली. दुकानातल्या एका थट्टेवर गाव एवढे बोलत नाही, तर आपण कुत्रा घेणार असे गावाला सांगितले आहे. सांगितले, पोते आणले, आणि दोन्ही विसरलो. आता सगळे जुळत होते. तिने हात पुसले आणि डॅफ्नीला फोन लावला.

"डॅफ्नी, खूण दिसली."

मग डॅफ्नी हळूच म्हणाली, "काय झालं?"

"कुत्र्याचं खाणं आणलंय मी. डायपर आणलेत. तुझ्या बापासाठी बिअर आणलीय. काही आठवत नाही."

"आई, एकदम घाबरू नकोस. कदाचित..."

"मी घाबरलेले नाही. आपलं ठरलं होतं. कधी येतेस?"

"शनिवारी. काही बांधू नकोस, मी आले की बघू."

बुधवारी हेडली बर्ट आला. सेल्बीचा होडीवरचा जोडीदार, सत्तरी ओलांडलेला. त्याला तरी सांगायला हवे होते.

"शनिवारी डॅफ्नी येतेय. मी जातेय तिच्याबरोबर."

"ख्रिसमसला?"

"कायमची. थंडी सोसत नाही आता."

हेडलीने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आणि चूल?"

"चूल काय मांडीवर घेऊन जाऊ?"

"तसं नाही. पेटवणार कोण, म्हणतो मी."

"तुला हवी तर तू ने."

"मला कुठं ठेवता येते, विमावाले नाचतील." चहा अर्धा टाकून तो उठला. "रॉक्सीला सांगायला पाहिजे," असे बायकोचे नाव घेऊन स्वतःशीच पुटपुटत बाहेर पडला.

एफीला हे लागले. इतक्या वर्षांचा माणूस, कशी आहेस नाही, का जातेस नाही, आधी चुलीचे विचारतो. तिने त्याचा उरलेला चहा मोरीत ओतला.

गुरुवारी सकाळपासून गोठता पाऊस लागला. जिथे पडेल तिथे काच होत होती: कुंपणावर, तारांवर, कपडे वाळत घालायच्या दोरीवर. दुपारी फ्रीजची घरघर थांबली. एफीने पाण्याच्या बादल्या सकाळीच भरून ठेवल्या होत्या. शनिवारी घर सोडणाऱ्या बाईने गुरुवारी बादल्या कशाला भरायच्या, हे तिच्या मनात आले नाही. तिने चुलीत दोन ओंडके टाकले आणि खुर्ची जवळ ओढली.

थोड्या वेळाने पडवीत पाय आपटल्याचा आवाज झाला आणि शॅना आत आली. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन गावात आलेली, कडेवर बाळ, नवरा कामासाठी दूर पश्चिमेला.

"मावशी, आहात ना तुम्ही? हेडलीकाका म्हणाले, तुम्ही चाललात. मी तशीच धावत आले." बाळ एफीच्या मांडीवर ठेवून ती थेट झोपायच्या खोलीत गेली आणि रजईमागचे डायपर घेऊन बाहेर आली.

एफीने तिच्या हाताकडे पाहिले. "ते तुझे?"

"मग कोणाचे? इथं आणखी कोणाला बाळ आहे?"

एफी उत्तर देणार तोच गार्लंड आला. टार त्याच्या पायांतून निसटून नखे वाजवत सरळ कोठीत गेला आणि पिठाच्या पोत्यांमागे नाक खुपसून शेपटी हलवू लागला. "थांब रे, ओढू नको," म्हणत गार्लंडने पोते बाहेर काढले. पाठोपाठ हेडली आणि त्याची बायको रॉक्सी, उशा आणि पांघरुणे घेऊन. हेडलीने उशा दिवाणावर टाकल्या आणि तळघराची किल्ली कुठे आहे असे विचारले. मग त्यालाच आठवले की तळघराला कुलूप नसते, आणि तो बाहेर गेला. परत आला तेव्हा बिअरचे खोके त्याच्या खांद्यावर होते.

एफीने बाळ शॅनाकडे दिले.

"गार्लंड, हे पोतं इथं कधी ठेवलंस?"

"ऑक्टोबरात. तू चर्चला गेली होतीस."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? वीज गेली की तुझ्याकडे येईन म्हणून? तू म्हणाली असतीस, ये. मग मी आभार मानले असते. दोघंही अवघडलो असतो. शिवाय मला वाटलं, रॉक्सीनं सांगितलं असेल."

"मी कशाला सांगू?" रॉक्सी म्हणाली. "मला वाटलं, हिनं पाहिलंय. हिच्या कोठीत सुई हलली तरी हिला कळतं."

"आम्ही तर आमचे कडक पावाचे डबेही तुझ्या डब्यांत मिसळलेत," हेडली म्हणाला. "आमच्याकडे ते शिजवणार कशावर? दुसरी चूल आहे कुठं गावात?"

"मी डॅफ्नीला फोन करून सांगितलं, माझं डोकं गेलं."

टार पोत्याचा कोपरा चावत होता.

"कशावरून?" गार्लंडने विचारले.

"तुझ्या कुत्र्याच्या खाण्यावरून."

हेडलीला हसू आले. ते त्याने खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला आणि रॉक्सीने त्याला कोपराने ढोसले. शॅना म्हणाली, "देवा, मावशी, तुम्ही थंडीमुळे चाललात असं काका म्हणाले."

एफी हसली नाही. तिला राग आला होता आणि सुटल्यासारखेही वाटत होते, पण त्या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी होते. डोके गेले हे तिने अगदी खात्रीने मानले होते. होड्यांची नावे येत असताना, पाव फुगत असताना मानले होते. ती खात्री चुकीची निघाली. मग आता डोके ठिकाणावर आहे ही खात्री कुठल्या जातीची? तिला काही ठरवता येईना. तिने मोठे पातेले चुलीवर चढवले, कारण इतकी माणसे जेवणार होती.

वीज सोमवारपर्यंत आली नाही. त्या दिवसांचे कौतुक नंतर गावात बरेच झाले, पण एफीला ते दिवस जड गेले. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाळ रडे, टारला ओला वास येई, हेडली पत्ते खेळताना लबाडी करी आणि गार्लंड त्यावर तासभर भांडे. चुलीत किती लाकूड घालायचे यावर प्रत्येकाचे मत होते. शनिवारी तिने कोठीचे दार सताड उघडले आणि सगळ्यांना आत बोलावले.

"जे ज्याचं त्यानं उचला. मला बघायचंय काय उरतं."

डबे वेगळे झाले. शॅनाची दुधाची पावडर, रॉक्सीचे आलुबुखारे, गार्लंडची विजेरी निघाली. शेवटी एका फळीवर कंदिलाच्या वातींचे पाकीट राहिले. नवे कोरे, रुंद वाती. एफीच्या घरातल्या एकाही कंदिलात त्या बसत नव्हत्या.

"या कोणाच्या?"

कोणी हात पुढे केला नाही. "सेल्बीच्या असतील," हेडली म्हणाला.

"पाकीट यंदाचं आहे."

"मग माझ्या म्हण."

"तुझ्या आहेत का?"

हेडलीने इकडेतिकडे पाहिले. "नाहीत."

"मग तसं म्हणू नकोस."

डॅफ्नी सोमवारी दुपारी पोचली, रस्ता मोकळा झाल्यावर. वीज तासाभरापूर्वी आली होती, तरी अजून कोणी हलले नव्हते. तिने दारातून सगळ्यांकडे पाहिले, रॉक्सीने तिला एका दमात सगळे सांगितले, आणि डॅफ्नी आईच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसून हसता हसता रडली.

"म्हणजे तुला काही झालेलं नाही."

"पोतं माझं नाही," एफी म्हणाली. "डायपर नाहीत, बिअर नाही. वाती कोणाच्या ते कळत नाही."

"आई, वातींचं एक पाकीट."

"किटलीही एकच होती."

हेडली मध्ये पडला. "डॅफ्नी, हिला नेऊ नकोस. गावाला हिची गरज आहे."

"चुलीची गरज आहे तुला," एफी म्हणाली.

"चुलीचीही आहे," हेडली म्हणाला. त्याला खोटे बोलता येत नसे. पत्त्यांत तेवढे येई. "पण तुझ्यासारखी ती पेटवता येत नाही कोणाला. परवा मी दोनदा विझवली."

एफीने यावर विचार केला.

"आज प्रत्येकानं आपापलं सामान घरी न्यायचं," ती म्हणाली. "एक डबासुद्धा इथं ठेवायचा नाही. वीज गेली की या, पण येताना हातात घेऊन या."

"बर्फातनं पोतं ओढत आणू?" गार्लंड म्हणाला.

"टारला जुंप."

"आणि मी?" डॅफ्नीने विचारले.

"तू मार्चमध्ये ये. तोवर फळीवर असेल ते सगळं मी ठेवलेलं असेल. दुसऱ्या कोणाचं नाही. तेव्हा मला कळेल."

"आणि तेव्हाही असं काही सापडलं, ज्याचा पत्ता लागत नाही, तर?"

"तर मी फोन करीन," एफी म्हणाली. "आणि तू येशील तेव्हा ही मंडळी काय सांगतात ते ऐकायचं नाही. सामान गाडीत घालायचं आणि निघायचं."

डॅफ्नीने शेजाऱ्यांकडे पाहिले. रॉक्सी उशा गोळा करू लागली होती. गार्लंडने पोते खांद्यावर घेतले आणि टार त्याच्या मागून गेला. शेवटी हेडली दारात थांबला. त्याला काहीतरी विचारायचे होते, पण एफी कोठीत गेली होती. अर्ध्या रिकाम्या झालेल्या फळ्या ती ओल्या फडक्याने पुसत होती, एकेक बरणी उचलून, खाली पुसून, होती तिथेच परत ठेवत.